काशाची वाटी

लातूर, उदगीर, अहमदपूर, कंधार, नांदेड या पट्ट्यातल्या जुन्या घरांत भांड्यांच्या मांडणीवर एक वाटी अशी असते की तिच्यात कधी कोणी वरण वाढून घेत नाही. ती काशाची असते, बुडाला गुळगुळीत झालेली, हाताला जड, आणि बहुतेक वेळा कुणाच्या तरी लग्नात रुखवताबरोबर आलेली. उन्हाळ्यात डोळ्यांची आग होऊ लागली किंवा रात्री झोप लागेनाशी झाली की ती खाली निघते. तळपायाला गाईचे तूप किंवा खोबरेल लावायचे आणि वाटीच्या बुडाने टाचेपासून बोटांपर्यंत घासत राहायचे. थोड्याच वेळात तळपाय काळपट होतो, वाटीचे बूडही काळे पडते, आणि घासणारी बाई समाधानाने म्हणते, ‘बघा, किती उष्णता होती अंगात!’ खरे पाहता काशात साधारण चार भाग तांबे आणि एक भाग कथील असते. घासताना सुटणारे धातूचे बारीक कण तुपातल्या स्निग्ध आम्लांशी मिळतात आणि तो काळा लेप तयार होतो. हे समजावून सांगितले तरी वाटी माळ्यावर जात नाही, कारण पाय हलके झालेले असतात आणि माणूस घोरू लागलेला असतो. या वाटीचा माग काढायला निघालो की आपण अंगाला तेल लावण्याच्या एका फार जुन्या सवयीपाशी पोचतो. ती सवय किती दारांतून आत-बाहेर झाली, हे पाहण्यासारखे आहे.

पहिला भक्कम मुक्काम चरकसंहितेचा. इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत आजचे रूप घेत गेलेल्या या ग्रंथाच्या सूत्रस्थानातला पाचवा अध्याय जेवणाच्या मात्रेपासून सुरू होतो आणि हळूहळू माणसाच्या सगळ्या सकाळीवर उतरतो. डोळ्यांत अंजन, नाकात अणुतैल, दात घासायला काडी, तोंडात तेलाची गुळणी, डोक्याला तेल, कानात तेल, अंगाला तेल आणि शेवटी पायाला तेल. तेलाने मडके, चामडे आणि गाडीचा आस जसा टिकतो तसे शरीर टिकते, हे तिथले समर्थन आहे. कुंभार, चांभार आणि गाडीवान यांच्या ज्ञानावर वैद्याने उभारलेले. पायाला तेल लावल्याने खरखर, ताठरपणा, शीण आणि बधिरपणा जातो आणि दृष्टी निवळते, असेही चरक सांगतो. म्हणजे डोळ्यांची आग झाली की तळपायाकडे जाण्याचा मराठवाड्यातला रिवाज निदान अठराशे वर्षांचा आहे. वाटी मात्र त्या अध्यायात नाही. ती नंतर कधीतरी, पोथीबाहेरच्या कुणी या कामात आणली.

आता थोडे पूर्वेकडे वळू. चीनच्या हुनान प्रांतात चांगशा शहराजवळ मावांगदुई येथे 1973 साली एक थडगे उघडण्यात आले. ते इसवी सनापूर्वी 168 मध्ये बंद झाले होते. त्यात एक रेशमी चित्रपट सापडला. त्यावर स्त्री-पुरुषांच्या चव्वेचाळीस आकृती, कुणी वाकलेली, कुणी हात पसरलेली, कुणी अस्वलासारखी, कुणी पक्ष्यासारखी. ही दाओयिन, म्हणजे अंग ताणण्याची आणि श्वास फिरवण्याची विद्या. पुढे दाओ पंथाच्या साधकांनी तिच्याभोवती प्राण जपण्याचे एक मोठे शास्त्र रचले: पहाटे उठून दात एकमेकांवर वाजवणे, लाळ घोळवून गिळणे, तळहात एकमेकांवर घासून गरम करून चेहऱ्यावर फिरवणे, केसांतून पुन्हा पुन्हा फणी ओढणे. आजीच्या सूचनांची यादी वाचतो आहोत असा भास व्हावा इतके हे सगळे घरगुती आहे. पण या घरगुती गोष्टींच्या डोक्यावर त्या पंथाने एक मोठे आश्वासन ठेवले होते, दीर्घायुष्याचे, आणि काहींच्या मते चक्क अमरत्वाचे. ते आश्वासन आणि ती सवय या दोन गोष्टींचे प्रवास पुढे फार वेगळे झाले.

सातव्या शतकात दोन्ही देशांतल्या वाटा एकमेकींच्या अगदी जवळ येतात. इकडे वाग्भटाचे अष्टांगहृदय सिद्ध होते. त्याच्या सूत्रस्थानाचा दुसरा अध्याय सरळ दिनचर्येचाच. ब्राह्ममुहूर्ती उठा, रोज अभ्यंग करा, डोके, कान आणि पाय यांच्याकडे विशेष लक्ष द्या. मग व्यायाम, पण अर्ध्या ताकदीपुरताच. मग उटणे, मग स्नान. अंगावर गरम पाणी घ्या, डोक्यावर घेऊ नका. अपचन झाले असेल, कफ वाढला असेल तर तेलाला हात लावू नका. त्याच शतकात तिकडे सुन सिमियाओ हा वैद्य, जो दाओ पंथीयांमध्ये आजही देवासारखा पूजला जातो, 652 च्या सुमारास आपला मोठा औषधीग्रंथ पुरा करतो आणि सांगतो की शरीराला रोज थोडे श्रम द्यावेत, पण थकवू नये. अर्ध्या ताकदीचा वाग्भटाचा नियम आणि हा सल्ला जुळ्या भावंडांसारखे दिसतात. याच ग्रंथाच्या सत्ताविसाव्या भागात त्याने भारताच्या, म्हणजे त्यांच्या भाषेत तियानझूच्या, नावाने एक मर्दनविधी दिला आहे आणि ती ब्राह्मणांची पद्धत असल्याचे नोंदवले आहे. अठरा हालचाली: हात धुताना चोळतो तसे हात पिळणे, धनुष्य ओढल्यासारखा बाहू ताणणे, मूठ वळून दोन्ही बाजूंना मारणे. म्हाताऱ्या माणसाने रोज तीनदा केल्या तर महिन्याभरात दुखणी पळतील आणि तो घोड्यासारखा धावेल, असे आमिषही जोडलेले आहे. या हालचाली खरेच इथल्या की केवळ नाव इथले, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. मला दुसरी शक्यता जास्त पटते. दूर देशाचे नाव लावले की औषधाला भाव येतो, हे त्या काळच्या चीनमध्येही लोकांना कळत होते.

ही देवाणघेवाण नुसती नावापुरती नव्हती. चिनी यात्रेकरू ह्युएन त्संग पुलकेशी दुसऱ्याच्या काळात महाराष्ट्रातून गेला. त्याच्यानंतर यिजिंग 671 मध्ये निघाला, बरीच वर्षे नालंदेत राहिला आणि त्याने 692 मध्ये आपला वृत्तांत मायदेशी पाठवला. त्यात राजे-महाराजे कमी आणि दातवण, हात धुण्याची रीत, जेवणानंतरची शतपावली, उपवास यांचेच वर्णन जास्त आहे. वैद्यकाची आठ अंगे पूर्वी आठ ग्रंथांत होती, अलीकडे कुणीतरी ती एकाच ग्रंथात आटोपशीर आणली, अशीही नोंद तो करतो. तो कुणीतरी वाग्भट असावा, असा अनेकांचा तर्क. आणि याच शतकात दीर्घायुष्याच्या आश्वासनाची गोष्ट एका राजवाड्यात पोचली. 648 मध्ये वांग श्वानत्से हा चिनी राजदूत भारतातून परतला तेव्हा त्याच्याबरोबर नारायणस्वामी नावाचा एक सिद्ध होता. आपले वय दोनशे वर्षांचे आहे असे तो सांगे. तांग सम्राट ताइझोंगने त्याला वाड्यात ठेवून घेतले, आयुष्य वाढवणारे रसायन करायला सामग्री दिली, माणसे दिली. रसायन काही फळले नाही. 649 मध्ये सम्राटच वारला.

चीनमधला आणखी एक माणूस या मागोव्यात घ्यायलाच हवा, कारण तो थेट तळपायाशी बसलेला आहे. सु शी, म्हणजे सु दोंगपो, हा सुंग काळातला थोर कवी, 1037 ते 1101. पदावनती, हद्दपारी, दमट दक्षिणेतली आजारपणे या सगळ्यांतून जाताना तो रोज पहाटे एक क्रम पाळत असे आणि तो त्याने लिहून ठेवला आहे. आधी श्वास, मग गरम केलेल्या हातांनी दोन्ही तळपाय चोळणे, बेंबीखाली आणि कमरेवर चोळणे, मग डोळे, चेहरा, कान, मान. नाकाच्या दोन्ही बाजू दाबणे. शंभरावर वेळा फणी. आणि मग उजाडेपर्यंत पडून राहणे. तेल नाही, वाटी नाही, नोकर नाही. अमरत्वाचेही काही नाही. बदलीवर पाठवलेल्या एका सरकारी नोकराने स्वतःच्या पायांशी ठेवलेली ओळख एवढेच त्यात आहे, आणि म्हणूनच मला दाओ परंपरेच्या शेकडो पोथ्यांपेक्षा हा कागद जवळचा वाटतो.

सु शीच्या मृत्यूनंतर तिसाहून कमी वर्षांत आपण आपल्या मुलखात येतो. निलंगा-औसा भागातून दक्षिणेला उतरले की कल्याणी, आजचे बसवकल्याण, लागते. तिथे चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा 1129 मध्ये मानसोल्लास हा प्रचंड ग्रंथ पुरा करतो. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत श्रीगोंदेकरांनी त्याचे तीन खंड संपादित केले. पहिला 1925 चा. मराठी बायका धान्य कांडताना ओवी गातात, ही या ग्रंथातली नोंद आपल्याकडे नेहमी सांगितली जाते. पण त्याच ग्रंथात राजाच्या उपभोगांमध्ये स्नानाचाही एक स्वतंत्र उपभोग आहे. फुलांनी वासवलेले तिळाचे तेल, मर्दन, तेल उतरवण्यासाठी सुगंधी उटणे, आवळा, कोमट पाणी, नंतर वस्त्र, विडा, विलेपन. चरकाने जे प्रत्येकासाठी सांगितले होते, ते इथे राजवैभवाच्या प्रकरणात गेले. वाचताना लक्षात येते की सोमेश्वराला आरोग्यापेक्षा सुवासाची ओढ जास्त आहे. तेलाचे हे पहिले मोठे हस्तांतर, वैद्याकडून राजाकडे. आजच्या हॉटेलांतल्या मर्दनकक्षाचा मूळपुरुष हुडकायचा झाला तर मी त्याला चरकाकडे नेणार नाही, कल्याणीच्या या स्नानगृहात नेईन.

पुढचे शतक मराठवाड्याचे. देवगिरीच्या यादवांचा करणाधिप हेमाद्री, ज्याला आपण हेमाडपंत म्हणून मंदिरांच्या दगडांत शोधतो, तो अष्टांगहृदयाचा टीकाकारही होता. त्याच्या टीकेचे नाव आयुर्वेदरसायन. महादेव आणि रामचंद्र या दोन यादव राजांच्या कारभाराचा गाडा ओढताना हा माणूस अभ्यंग कुणी करावा, कुणी करू नये, व्यायामाची अर्धी शक्ती कशी ओळखावी याचा विचार करीत बसला होता, ही कल्पनाच मोठी सुखद आहे. कपाळावर, नाकावर घाम आला आणि तोंड सुकू लागले की अर्धी शक्ती संपली, असे वैद्य सांगत आले आहेत. याच काळात म्हाइंभटाने 1278 च्या सुमारास सिद्ध केलेल्या लीळाचरित्रात चक्रधरस्वामींच्या दिवसाचे तुकडे येतात. गोदाकाठच्या गावांतले मुक्काम, आणि त्यांत पुन्हा पुन्हा ‘मर्दना’ आणि ‘मादणें’, म्हणजे अंग चोळणे आणि न्हाणे. कुणीतरी पाणी तापवते, कुणी मर्दना देते, मग पूजा, मग जेवण. राजाच्या उपभोगातले स्नान इथे सेवेत आले, आणि ते संस्कृतातून उतरून मराठीत बोलू लागले.

दीर्घायुष्याचे त्या काळात मराठीत काय झाले, हेही इथेच बघून घेऊ. 1290 च्या ज्ञानेश्वरीतल्या सहाव्या अध्यायात कुंडलिनी जागी झाल्यावर देह कसा नवा होतो, नखे आणि दात पुन्हा नव्याने कसे येतात, याचे वर्णन आहे. नाथपंथाला देहसिद्धीची ही विद्या चांगली ठाऊक होती. पण लोकांनी जी गोष्ट मनात ठेवली ती चांगदेवाची. चौदाशे वर्षे जगलेला हा योगी वाघावर बसून येतो आणि त्याच्यासमोर कोवळी पोरे भिंत चालवतात. त्याने पाठवलेले पत्र कोरे, आणि इतकी वर्षे जगून तोही कोराच, असा शेरा मुक्ताबाई मारते. चीनच्या सम्राटाने दोनशे वर्षांच्या सिद्धाला वाड्यात जागा दिली. मराठी माणसाने चौदाशे वर्षांच्या सिद्धाची थट्टा केली. नुसते वय आपल्याकडे कधीच मोठे मानले गेले नाही. म्हणूनच असेल, तेल आपल्या घरात टिकले ते आयुष्य वाढते म्हणून नव्हे. ते टिकले सणामुळे आणि बाळंतपणामुळे.

सण आधी. हा बदल धर्मशास्त्राच्या निबंधकारांनी घडवला. कमलाकरभट्टाचा निर्णयसिंधू 1612 चा; तो काशीत लिहिला गेला, पण कमलाकराचे पणजोबा रामेश्वरभट्ट पैठणहून काशीला गेलेले. नंतर पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांचा धर्मसिंधू आला, 1790 चा, आणि गावोगावच्या भटजींच्या हातात तोच राहिला. या ग्रंथांनी नरकचतुर्दशीच्या पहाटेचे अभ्यंगस्नान, तिळाचे तेल, अंगावरून फिरवायचा आघाडा हे सगळे नेमून दिले. पण त्याचबरोबर तेलाला बंदी असलेले दिवसही मोजून ठेवले: एकादशी, पर्वकाळ, श्राद्ध, संक्रांत, शिवाय काही वार. शनिवार मात्र मोकळा राहिला. मराठवाड्यातल्या मारुतीला आणि माणसाला त्याच दिवशी तेल मिळू लागले. वाग्भटाचे ‘रोज’ असे आठवड्यावर आणि मग वर्षातल्या एका पहाटेवर आले. एका परीने ही घटच. पण वैद्याचा सल्ला माणूस टाळतो, दिवाळीची पहिली आंघोळ टाळत नाही. सवय कॅलेंडरात जाऊन बसली तेव्हा ती लहान झाली आणि पक्की झाली.

बाळंतपणाची वाट मात्र कुठल्याच निबंधकाराच्या हातात नव्हती. चरकाच्या शारीरस्थानात बाळंतिणीच्या पोटाला तूप-तेल लावून ते मोठ्या स्वच्छ कापडाने गुंडाळावे, असे सांगितले आहे. लातूर-नांदेडच्या खेड्यांत आजही बाळंतिणीचे पोट जुन्या धुवट लुगड्याने बांधतात, आणि बांधणाऱ्या बाईने चरकाचे नावही ऐकलेले नसते. न्हाऊ घालणारी सकाळी नऊच्या सुमारास येते. पाटावर पाय लांब करून बसते, बाळाला पायांवर पालथे घेते, तेल कोमट आहे ना ते मनगटावर बघते. पाठ, खांदे, मग उजवा हात डाव्या पायाकडे आणि डावा हात उजव्या पायाकडे ओढून सोडणे, हरभऱ्याच्या पिठाने तेल उतरवणे, टाळूवर तेलाचे बोट, ओव्याची धुरी, आणि बाळ झोपले की बाळंतिणीचा शेक. सुन सिमियाओच्या अठरा हालचालींपेक्षा या बाईच्या हालचाली जास्त आहेत आणि त्या कुठेही लिहिलेल्या नाहीत. आईकडून किंवा सासूकडून तिने हात उचललेला असतो. या सगळ्या इतिहासात कधीही न तुटलेला धागा शोधायला गेलो तर तो हाच सापडतो, आणि नेमका याच धाग्याच्या तारखा आपल्याकडे नाहीत.

निजामाच्या काळात तेलाला आणखी एक शास्त्र भेटले. नांदेड आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातले लातूर हैदराबाद संस्थानात होते आणि संस्थानाचा राजाश्रय युनानीला होता. इब्न सीनाच्या परंपरेत हवा, अन्नपाणी, हालचाल आणि विश्रांती, झोप आणि जाग, उत्सर्ग, मनाचे आवेग या सहा गोष्टींवर तब्येत उभी असते. अंग चोळण्याला तिथे दल्क म्हणतात आणि त्याचे मऊ, कडक, थोडे, फार असे प्रकार मानतात. मालिश, हमाम हे शब्द तोवर मराठीत रुळलेच होते. हकीम आणि वैद्य एकाच पेठेत बसत आणि गिऱ्हाईक दोघांकडेही जाई. नांदेडच्या सरकारी औषधनिर्मिती केंद्राचे नाव आजही आयुर्वेद व युनानी रसशाळा असे जोडीने आहे. ती जोडी कुणी कृत्रिमपणे जमवलेली नाही, या गावाच्या इतिहासातूनच आली आहे.

दुसरीकडे तालमी होत्या. तांबड्या मातीत तेल, हळद, ताक, लिंबू कालवून हौदा तयार करायचा आणि त्या मातीनेच अंग चोळायचे, ही अभ्यंगाची मर्दानी शाखा. पुढे निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार 1969 साली महाराष्ट्र केसरी झाले, त्यामागे या मातीचीच पुण्याई. संस्थानी राजवटीच्या शेवटच्या दशकांत या तालमींना वेगळा रंग चढला. उदगीरला भाई श्यामलाल यांच्यासारख्या आर्यसमाजी कार्यकर्त्यांनी व्यायाम आणि संध्येला प्रतिकाराची धार दिली. श्यामलाल 1938 मध्ये बिदरच्या तुरुंगात वारले आणि दुसऱ्याच वर्षी आर्यसमाजाचा सत्याग्रह पेटला. त्या पिढीत अंगाला तेल लावून दंड काढणे ही शंभर वर्षे जगण्याची तयारी नव्हती.

त्याच 1938 च्या आरंभी उत्तरेत अगदी उलट प्रकार चालला होता. पंडित मदनमोहन मालवीय सत्तरी ओलांडल्यावर तपसीबाबांच्या देखरेखीखाली अंधाऱ्या कुटीत कायाकल्प करून घेत होते आणि देशभरची वर्तमानपत्रे त्यांचे केस काळे झाले का, याची वाट पाहत होती. नारायणस्वामीची गोष्ट तेराशे वर्षांनी पुन्हा घडली, फक्त सम्राटाच्या जागी कुलगुरू आले. मराठी माणसाकडे तोवर छापील वाग्भट पोचला होता. डॉ. अण्णा मोरेश्वर कुंटे यांनी मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातून 1880 मध्ये अष्टांगहृदय प्रसिद्ध केले. हेमाद्रीची टीकाही जोडलेली हरिशास्त्री पराडकरांची आवृत्ती 1939 ची. देवगिरीच्या मंत्र्याचे मत सातशे वर्षांनी छापून घरी आले खरे, पण तोवर घराघरांत साबण शिरला होता. तेल उतरवायला पीठ आणि शिकेकाई लागेना, आणि तेल न लावताही अंग स्वच्छ झाल्यासारखे वाटू लागले. साबणाने तेलाला हाकलले आणि पुढे त्याच साबणाने त्याला वर्षातून एकदा बोलावून घेतले: टाटा ऑइल मिल्सने सत्तरच्या दशकात मोती साबण आणला आणि दिवाळीची पहिली आंघोळ त्या गोल वडीच्या नावावर झाली. टाटांची ही कंपनी 1993 मध्ये हिंदुस्थान लिव्हरकडे गेली. उटण्याचे पाकीट आणि मोती यांची जोडी कायम राहिली.

तेल कोणते, हा प्रश्न आपण अजून घेतलेला नाही. चरकाच्या मते सर्व तेलांत तिळाचे श्रेष्ठ आणि वनस्पतींच्या स्नेहांत करडईचे सर्वांत अहितकर. आता गंमत पाहा: मराठवाडा हा करडईचा मुलूख. कोरडवाहू काळ्या रानात ज्वारीच्या कडेने करडईचे काटेरी ताटवे असत, परभणीच्या कृषी विद्यापीठाने ‘परभणी कुसुम’ हे वाण दिले, आणि लातूरला गळीत धान्याचे संशोधन केंद्रच आहे. चरकाचा निकाल इथल्या शेतकऱ्याने सरळ बाजूला ठेवला. खायला करडईचे, अंगाला तिळाचे किंवा खोबऱ्याचे, अशी घरगुती तडजोड केली. पुढे नव्वदच्या दशकापासून सोयाबीन आले आणि लातूरचा आडत बाजार सोयाबीनचा झाला. सोयाबीन मूळचे चीनचे. दाओयिनच्या चव्वेचाळीस आकृती मराठवाड्यात कधी पोचल्या नाहीत, पण त्या मातीतले कडधान्य करडईच्या रानात येऊन बसले. सोयाबीनच्या तेलाने कोणी मालिश करीत नाही. आता लातूर-नांदेडच्या रस्त्यांवर ‘लाकडी घाण्याचे तेल’ अशा पाट्या लागल्या आहेत. बैलाच्या जागी मोटर आहे, करडई चढ्या भावाने मिळते, आणि तेल्याची जी घाणी एकेकाळी गावाच्या टोकाला कुरकुरत असे ती काचेच्या दर्शनी खिडकीत फिरते.

अभ्यंगाला तेलाइतकेच पाणी लागते, तेही गरम, हे मराठवाड्याला निराळे सांगायला नको. 12 एप्रिल 2016 च्या पहाटे मिरजेहून दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे लातूरला पोचली. त्या उन्हाळ्यात आंघोळ ही घागरींत मोजायची गोष्ट होती. अशा वर्षी अंगाचे तेल बंद होते, पण तळपायाचे होत नाही. त्याला पाणी लागत नाही, जुन्या फडक्याने पुसले की झाले. पोथीत नसलेली वाटी याच कोरड्या मुलखात इतकी का रुजली, याचे एक कारण मला यात दिसते.

21 जून 2019 रोजी योगदिनाचा राज्यस्तरीय कार्यक्रम नांदेडला झाला. मुख्यमंत्री आणि रामदेवबाबा एका मंचावर होते आणि मैदान भरले होते. पंचकर्माचे फलक नांदेडच्या वजिराबादेपासून लातूरच्या औसा रोडपर्यंत दिसतात. शासकीय आयुर्वेद महाविद्यालयात अभ्यंग हा आता अभ्यासक्रमातला विषय आहे, त्यावर प्रबंध होतात. आणि काशाच्या वाटीचे यंत्र झाले आहे: गोल काशाची थाळी, खाली मोटर, वर तूप लावलेला पाय. खुर्च्यांची रांग, शेजारी भिंतीवर तळपायावरचे बिंदू दाखवणारा ‘चिनी पद्धतीचा’ तक्ता, आणि पाय काळा झाला की चालवणारा मुलगा तेच म्हणतो जे आजी म्हणायची. मशीनवर गुडघेदुखीपासून मधुमेहापर्यंत सगळे बरे होईल असे छापलेले असते. त्यातले बहुतेक सोडून द्यावे.

न्हाऊ घालणाऱ्या बाईचे दिवस मात्र बरे आले आहेत. मूल दवाखान्यात जन्मले तरी घरी येताच तिला फोन जातो. सव्वा महिन्याचा ठराव होतो, दिवसाचे पैसे ठरतात, तेल कोणते ते सुनेच्या आईने आधीच आणून ठेवलेले असते. बालरोगतज्ज्ञ सांगतात की बाळाच्या नाकात, कानात तेल घालू नका, नाकातले फुप्फुसात जाऊ शकते, आणि हे त्यांचे म्हणणे योग्यच आहे, चरकाने काहीही लिहिले असले तरी. कोवळ्या त्वचेला कुठले तेल मानवते यावरही अभ्यास झाले. 2005 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने बांगलादेशातला एक प्रयोग छापला, त्यात दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांना सूर्यफुलाचे तेल लावल्याने जंतुसंसर्ग कमी झाल्याचे आढळले. बाई हे सगळे ऐकून घेते. कान आणि नाक सोडते. टाळूवरचे बोट सोडायला सांगितले तर मात्र ती सुनेकडे न बघता सासूकडे बघते, आणि दोघी मिळून डॉक्टरांनी नाव घेतलेल्या अवयवांत टाळू होती का नव्हती, याचा निवाडा करतात.